यंत्राशीं संभाषण : लिनक्स, पास्कल व सीरियल पोर्ट

आपल्या देशांतील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. दारांत तारवाला उभा राहिला म्हणजे घरांतील मंडळींच्या काळजांत धस्स होत असे, ही गोष्ट आतां मुलांनीं आजीआजोबांच्या तोंडून ऐकावयाची राहिली आहे. परंतु तारेच्या एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे एकामागून एक विजेच्या खुणा पाठवावयाच्या, व त्या खुणांवरून पलीकडे अक्षर ओळखावयाचें, ही जी त्या सेवेच्या मुळाशीं असलेली युक्ति, ती मात्र नाहींशी झालेली नाहीं. प्रयोगशाळेंतील विजेचा तराजू, कारखान्यांतील स्वयंचलित लेथ, हवामान मोजणारीं उपकरणें, अशा कित्येक यंत्रांच्या पाठीमागें नऊ पिनांचें एक लहानसें तोंड आढळतें. त्यास सीरियल पोर्ट असें म्हणतात. 'सीरियल' म्हणजे एकामागून एक, ओळीनें. व 'पोर्ट' म्हणजे बंदर, मालाची ये-जा होण्याची जागा. या बंदरांतून माहितीची जी ने-आण होते, ती त्याच जुन्या युक्तीनें होते.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, अशीं यंत्रें चांगलीं जपलीं तर पुष्कळ वर्षें काम देतात. संगणकाचें आयुष्य मात्र त्या मानानें थोडें असतें. जुना संगणक बंद पडला, नव्या संगणकास तें नऊ पिनांचें तोंड नाहीं, आणि यंत्राबरोबर आलेला प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाहीं, एवढ्याच कारणावरून धडधाकट तराजू अडगळींत जातो व नव्यासाठीं पैसे खर्ची पडतात. वस्तुतः यंत्र बिघडलेलें नसतें. त्याच्याशीं बोलणारें कोणी उरलेलें नसतें, इतकेंच. पास्कल भाषेचा थोडासा परिचय असलेल्या विद्यार्थ्यास हें बोलणें शिकतां येतें, व त्याकरितां लिनक्स ही विनामूल्य मिळणारी संगणक-व्यवस्था पुरेशी आहे. तें कसें, हें येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम या दोन नांवांची ओळख करून घेऊं. फ्रान्समधील ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यानें, आपल्या वडिलांस करवसुलीच्या हिशोबांत साह्य व्हावें म्हणून, १६४२ सालीं वयाच्या विशीच्या आंत असतांनाच बेरीज-वजाबाकीचें यंत्र बनविण्यास आरंभ केला. झुरिक येथील प्राध्यापक निकलाउस विर्थ यांनीं १९७० सालीं एक नवी संगणक-भाषा प्रसिद्ध केली व तिला या पितृभक्त गणितज्ञाचें नांव दिलें. विद्यार्थ्यांस नीटनेटका प्रोग्राम लिहिण्याची संवय लागावी, हा विर्थ यांचा एक मुख्य उद्देश होता. १९८३ सालीं निघालेल्या टर्बो पास्कलमुळें ही भाषा घरोघरच्या लहान संगणकांवर पसरली. आपण लिहिलेल्या प्रोग्रामाचें यंत्रास समजेल असें रूपांतर करणारें जें साधन, त्यास कंपायलर म्हणतात. लिनक्सवर फ्री पास्कल या नांवाचा जो कंपायलर आज मिळतो, त्याचें काम १९९३ सालीं सुरू झालें. खुद्द लिनक्सचा पाया लिनस टॉर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं घातला.

आतां अक्षर तारेवरून जातें कसें, तें पाहूं. संगणकाच्या पोटांत प्रत्येक अक्षर म्हणजे एक संख्या असते. रोमन लिपींतील मोठ्या 'ए'ची संख्या ६५ आहे. शून्य आणि एक या दोनच अंकांत ती लिहिली म्हणजे ०१०००००१ अशी होते. या अंकांपैकीं प्रत्येकास बिट, व आठ बिटांच्या गटास बाइट म्हणतात. तार रिकामी असतांना तिच्यावर सतत 'एक' ही खूण असते. अक्षर पाठवावयाचें झालें म्हणजे पाठविणारा प्रथम एक 'शून्य' पाठवितो; ती जणूं 'सावध व्हा' अशी हांक होय. तिच्यामागून आठ बिट, तेही उजव्या टोंकाकडून आरंभ करून, आणि शेवटीं पुन्हां एक 'एक'. हा पूर्णविराम होय. म्हणून 'ए' हें अक्षर तारेवरून ०, नंतर १ ० ० ० ० ० १ ०, व नंतर १, असें जातें. अर्थात् आठ बिटांच्या एका अक्षरास एकंदर दहा खुणा लागतात.

येथें एक प्रश्न उभा राहतो. दोन टोंकांस दोन वेगळीं घड्याळें. मग 'शून्य' ही खूण सलग चार वेळां आली कीं पांच वेळां, हें पलीकडच्यास कसें कळावें? यासाठीं दोघांनीं आधींच वेग ठरविलेला असतो. सेकंदास ९६०० खुणा असा वेग ठरला, तर प्रत्येक खूण सुमारें १०४ मायक्रोसेकंद टिकते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आरंभीची हांक ऐकूं येतांच पलीकडील घड्याळ नव्यानें मोजूं लागतें, व प्रत्येक खूण तिच्या मध्यावर पाहतें. दोन घड्याळांत शेंकडा दोनांचा फरक असला तरी दहा खुणांच्या अवधींत तो अर्ध्या खुणेपर्यंत पोंचत नाहीं, म्हणून वाचन बिनचूक होतें. आणि पुढील अक्षराच्या हांकेबरोबर मोजणी पुन्हां आरंभापासून होते. परंतु एकानें ९६०० व दुसऱ्यानें ४८०० असा वेग धरला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा पाऊस पडतो. अशा वेळीं यंत्र बिघडलें असें समजून तें दुरुस्तीस पाठविण्याची घाई होते. आणि दोष असतो केवळ ठरावांत. यास्तव वेग, बिटांची संख्या, पॅरिटी व पूर्णविरामाच्या खुणांची संख्या, हीं चार कलमें यंत्राच्या माहितीपुस्तिकेंत प्रथम पाहावीं. पॅरिटी म्हणजे चूक ओळखण्याकरितां जोडलेली एक जादा खूण. पुष्कळ यंत्रें ती वापरीत नाहींत.

खुणा मोजण्याचें हें काम संगणकांतील यूआर्ट नांवाची एक चिप करते. आयबीएम कंपनीच्या १९८१ सालच्या लहान संगणकांत पहिल्या सीरियल पोर्टच्या यूआर्टचा पत्ता, सोळा अंकांच्या गणनपद्धतीनें, ३एफ८ असा ठरविलेला होता. टर्बो पास्कलमध्यें 'पोर्ट' या नांवाची एक सारणी असे. वेग वगैरे ठरवून झाल्यावर तिच्यांतील ३एफ८ या घरांत ६५ ही संख्या ठेवली कीं, 'ए' हें अक्षर लागलीच तारेवरून चालूं लागे. प्रोग्राम व चिप यांच्यामध्यें तिसरें कोणी नसे. त्या काळीं संगणकावर बहुधा एका वेळीं एकच प्रोग्राम चाले. म्हणून हा मोकळेपणा खपून जाई.

तोच प्रोग्राम लिनक्सवर जसाच्या तसा चालविला, तर त्या ओळीशीं येतांच तो बंद पाडला जातो. नवशिक्यास हा अन्याय वाटतो. परंतु त्यामागें सबळ कारणें आहेत. लिनक्सवर एका वेळीं शेंकडों कामें चालत असतात, व त्या सर्वांवर देखरेख करणारा जो गाभा, त्यास कर्नेल म्हणतात. यूआर्टचा कारभार कर्नेलकडे असतो. दोघांनीं एकच लेखणी एकाच वेळीं धरून लिहूं म्हटलें तर कागदावर काय उमटेल, हें सांगावयास नको. हें पहिलें कारण.

दुसरें कारण वेळेचें आहे. पुढें प्रचारांत आलेल्या १६५५०ए या यूआर्टमध्यें आलेलीं अक्षरें ठेवण्यास १६ बाइटांचीच जागा आहे. सेकंदास १,१५,२०० खुणा या वेगानें सेकंदास ११,५२० अक्षरें येतात. म्हणजे १६ बाइटांची जागा दीड मिलिसेकंदाच्या आंतच भरून जाते. आपला प्रोग्राम इतर कामांबरोबर पाळीनें चालत असतो, व त्याची पाळी येईपर्यंत याहून अधिक वेळ सहज जाऊं शकतो. तेवढ्यांत पुढचीं अक्षरें गळून जावयाचीं. कर्नेलचें तसें नाहीं. यूआर्टनें सूचना देतांच तें हातांतलें काम बाजूस ठेवून अक्षरें उचलतें व आपल्या प्रशस्त कोठारांत नीट रचून ठेवतें. मग आपण सावकाश मागितलीं तरी चालतें. तिसरें कारण असें कीं, नऊ पिनांचें तोंड नसलेल्या नव्या संगणकास यूएसबीमधून सीरियल पोर्ट देणारी जी जोडणी बाजारांत मिळते, तिला ३एफ८ हा पत्ताच नसतो. जुन्या पद्धतीनें लिहिलेला प्रोग्राम तेथें कोणाचें दार ठोठावणार?

संगणकाचा सर्वाधिकारी, ज्यास रूट असें म्हणतात, तो कर्नेलकडून त्या पत्त्यास हात लावण्याची खास परवानगी मागून घेऊं शकतो, व फ्री पास्कलमध्यें त्याची सोयही आहे. तथापि वरील तिन्ही अडचणी त्यानें दूर होत नाहींत. म्हणून तो मार्ग माहीत असावा, परंतु नित्याचा करूं नये.

मग नित्याचा मार्ग कोणता? तो असा. युनिक्स या १९६९ सालीं अमेरिकेंत जन्मलेल्या व्यवस्थेची एक परंपरा लिनक्सनें उचलली आहे: यंत्रेंसुद्धां फाईलप्रमाणें उघडावीं, वाचावीं, लिहावीं व बंद करावीं. 'डेव्ह' नांवाच्या कप्प्यांत पहिला सीरियल पोर्ट 'टीटीवायएस०' या नांवाच्या फाईलीच्या रूपानें दिसतो. यूएसबीची जोडणी असल्यास तें नांव 'टीटीवाययूएसबी०' असें, व कांहीं उपकरणांच्या बाबतींत 'टीटीवायएसीएम०' असें असतें. हीं व पुढें येणारीं नांवें संगणकावर रोमन लिपींत लिहावयाचीं असतात. येथें तीं उच्चाराप्रमाणें नागरींत दिलीं आहेत. आरंभींचीं 'टीटीवाय' हीं अक्षरें टेलिटाइप या शब्दाचा संक्षेप होत. तारेवरून टंकलेखन करणारें तें यंत्र कालबाह्य झालें, पण त्याचें नांव राहिलें. त्याच्या कांहीं संवयीही राहिल्या आहेत; त्यांजकडे पुढें वळूं.

ही फाईल उघडूं गेल्यास पहिल्याच दिवशीं बहुधा 'परवानगी नाहीं' असें उत्तर मिळतें. तिचें स्वामित्व रूटकडे असतें, आणि डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ती 'डायलआउट' या गटाच्या सभासदांसच खुली असते. हें नांव टेलिफोन फिरवून दुसरा संगणक जोडण्याच्या काळांतलें आहे. या अडचणीवर दोन चुकीचे उपाय लोक सर्रास करतात. एक, आपला प्रोग्राम रूटच्या अधिकारानें चालविणें. दुसरा, ती फाईल सर्वांस मोकळी करून टाकणें. पहिल्यांत प्रोग्रामांतील एखाद्या क्षुल्लक चुकीनें सबंध संगणकावरील कागदपत्र नष्ट होण्याचा धोका. दुसऱ्यांत त्या संगणकावरील कोणताही प्रोग्राम यंत्रास वाटेल ती आज्ञा देऊं शकतो, आणि तें यंत्र फिरणारी लेथ असेल तर परिणाम काय होईल याची कल्पनाच करावी. प्रयोगशाळेंत जावयाचें म्हणून कोणी मुख्याध्यापकांच्या किल्ल्यांचा सबंध जुडगा मागत नाहीं. तसेंच प्रयोगशाळेचें दारही रात्रंदिवस उघडें ठेवीत नाहींत. ज्यास काम आहे, त्यास त्या एका खोलीची किल्ली द्यावी, हा योग्य मार्ग. म्हणून संगणकाच्या व्यवस्थापकास सांगून आपलें नांव 'डायलआउट' गटांत घालून घ्यावें, व एकदां बाहेर पडून पुन्हां आंत यावें, म्हणजे नवी परवानगी लागू होते.

परवानगी मिळाली म्हणजे प्रोग्राम लिहिणें अवघड नाहीं. फ्री पास्कलबरोबर 'सीरियल' नांवाचा एक तयार संग्रह येतो. प्रोग्रामाच्या आरंभीं 'यूझेस' या शब्दापुढें त्याचें नांव लिहावें. त्यांतील पहिली क्रिया 'सेर-ओपन'. तिला फाईलीचें पुरें नांव दिलें कीं ती एक क्रमांक परत देते. हा क्रमांक म्हणजे पुढील सर्व व्यवहाराचा बिल्ला होय. तो शून्याहून मोठा असेल तरच पुढें जावें. नसल्यास पोर्ट उघडला नाहीं असें स्पष्ट छापून थांबावें. दुसरी क्रिया 'सेर-सेट-पॅरॅम्स'. हिला बिल्ला, वेग, बिटांची संख्या, पॅरिटी, पूर्णविरामाच्या खुणा, व शेवटीं जादा तारांच्या वापराविषयींचा संच, असे सहा घटक याच क्रमानें द्यावे लागतात. साध्या तीन तारांच्या जोडणींत हा शेवटचा संच रिकामा ठेवतात. तिसरी 'सेर-राइट' ही लिहिण्याची. चौथी 'सेर-रीड-टाइमआउट' ही ठराविक वेळपर्यंत वाट पाहून वाचण्याची. आणि पांचवी 'सेर-क्लोज' ही पोर्ट बंद करण्याची. या पांच क्रियांत संभाषणाचा सर्व संसार आला.

कोणी म्हणेल, पोर्ट जर फाईलच आहे, तर पास्कलच्या नेहमींच्या 'रीसेट' व 'रीड-लाइन' या आज्ञांनीं ती कां वाचूं नये? येथेंच टेलिटाइपच्या संवयी आड येतात. त्या यंत्रापुढें माणूस बसलेला असे. म्हणून कर्नेल आजही असें धरून चालतें कीं, पलीकडे कोणी बोटांनीं अक्षरें टंकीत आहे. त्यामुळें ओळ पुरी होईपर्यंत तें अक्षरें प्रोग्रामास देत नाहीं. आलेलें प्रत्येक अक्षर, टंकणाऱ्यास दिसावें म्हणून, तें उलट पाठवितें. १३ ही संख्या आली तर तिच्या जागीं १० ठेवतें. आणि ३ ही संख्या आली तर ती 'थांबा' अशी माणसाची सूचना समजून स्वतःच गिळतें. माणसाच्या दृष्टीनें या सर्व सोयी. यंत्राच्या दृष्टीनें मात्र हा सगळा घोटाळा. कारण ३ ही संख्या कित्येक यंत्रें 'मजकूर संपला' या अर्थानें पाठवीत असतात. तीच गिळली गेली तर मजकुराचा शेवट कोठें, हें प्रोग्रामास कधींच कळावयाचें नाहीं. 'सेर-सेट-पॅरॅम्स' ही क्रिया वेग ठरवितांना या संवयीही बंद करते, व मग अक्षरें जशीं आलीं तशींच हातीं पडतात. या स्थितीस कच्ची स्थिति असें म्हणतात. यंत्राशीं बोलतांना कच्चेंच खरें.

दुसरी एक गोष्ट धीराची. संगणकाच्या मानानें तार फार मंद आहे. आपण 'वाच' म्हटलें त्या क्षणीं यंत्राचा अर्धाच शब्द येऊन पोंचलेला असतो. '१२५.४० ग्रॅम' यांतील '१२' एवढेंच प्रथम हातीं येईल, व राहिलेलें पुढच्या खेपेस. तेवढ्यावरच वजन बारा ग्रॅम असें ठरविलें तर औषधाच्या किंवा रसायनाच्या मापांत केवढा अनर्थ होईल! म्हणून आलेले तुकडे एकापुढें एक जोडीत जावे, व ओळीच्या शेवटाची खूण दिसल्यावरच अर्थ लावावा. उलट पक्षीं, तार निसटली असेल तर प्रोग्रामानें जन्मभर वाट पाहणेंही योग्य नव्हे. 'सेर-रीड-टाइमआउट' या क्रियेस मिलिसेकंदांत मर्यादा सांगतां येते. तेवढ्या वेळांत कांहीं आलें नाहीं तर ती शून्य हें उत्तर देते, आणि मग 'यंत्राकडून उत्तर नाहीं, तार पाहा' असें माणसास सांगतां येतें. तसेंच एकच पोर्ट दोन प्रोग्रामांनीं एकाच वेळीं वाचूं नये. कांहीं अक्षरें एकास, कांहीं दुसऱ्यास, अशी वांटणी होऊन दोघांच्याही हातीं चिंध्या लागतात.

तारा जोडण्यापूर्वीं विजेविषयीं एक इशारा द्यावयास पाहिजे. या पोर्टचा विद्युत्-संकेत आरएस-२३२ या नांवानें १९६० सालापासून चालत आलेला आहे. त्यांत 'एक' म्हणजे उणें ३ ते उणें १५ व्होल्ट, व 'शून्य' म्हणजे अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट. हल्लींच्या लहान इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांवरील सीरियल पिना मात्र शून्य व ३.३ किंवा ५ व्होल्ट अशा असतात. या दोहोंस मध्यस्थ चिपेवांचून थेट जोडलें, तर ती पट्टी कायमची जळून जाऊं शकते. संगणकाच्या नऊ पिनांपैकीं २ क्रमांकाची ऐकण्याची, ३ क्रमांकाची बोलण्याची, व ५ क्रमांकाची दोघांच्या समाईक जमिनीची. दोन संगणक एकमेकांस जोडावयाचे झाल्यास एकाचें तोंड दुसऱ्याच्या कानास लागावें, म्हणून २ व ३ यांच्या तारा उलटसुलट कराव्या लागतात.

यावरूनच एक सुंदर व बिनखर्चाचा प्रयोग सुचतो. कोणतेंही यंत्र न जोडतां, नऊ पिनांच्या तोंडांतील २ व ३ या दोनच पिना एका लहान तारेनें जोडाव्या. आतां संगणक जें बोलेल तेंच त्यास ऐकूं येईल. मग प्रोग्रामांतून 'शाळा' हा शब्द पाठवावा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतींत नागरीच्या प्रत्येक घटकास तीन बाइट लागतात. 'शाळा' या शब्दांत श, काना, ळ व काना असे चार घटक आहेत, म्हणून १२ बाइट जातील, व ९६०० या वेगानें साडेबारा मिलिसेकंदांत परत येतील. 'श'चे तीन बाइट २२४, १६४ व १८२ असे आहेत. परत आलेल्या संख्या छापून ताडून पाहाव्या. नंतर बिटांची संख्या ८ च्या ऐवजीं ७ करून पाहावी. २२४ च्या जागीं ९६ येईल, कारण सर्वांत वरचा बिट, ज्याचें मोल १२८, तो गळाला. इंग्रजी मजकूर या सात बिटांतून सुखरूप जातो. मराठी शब्दाचें मात्र रूपच पालटतें. ठरावांतील एका लहानशा अंकाचें महत्त्व या प्रयोगानें जितकें मनांत ठसतें, तितकें दहा पानें वाचून ठसणार नाहीं.

हें साधल्यावर खऱ्या यंत्राकडे वळावें. त्यास जीपीएसचा ग्राहक फार सोयीचा, कारण त्यास कांहीं विचारावें लागत नाहीं. तो आपण होऊन, बहुधा दर सेकंदास, आपलें स्थान सांगत असतो. त्याच्या भाषेस एनएमईए ०१८३ असें म्हणतात व तिचा मूळ वेग ४८०० आहे. प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हानें सुरू होतें, त्यांतील निरनिराळीं पदें स्वल्पविरामांनीं तोडलेलीं असतात, आणि शेवटीं तारका-चिन्हापुढें दोन अंकी पडताळा असतो. डॉलर व तारका यांच्यामधील सर्व अक्षरांच्या संख्यांवर पास्कलची 'झॉर' ही क्रिया क्रमानें केली, म्हणजे तोच पडताळा निघाला पाहिजे. न निघाल्यास तें वाक्य टाकून द्यावें. पुढें अर्थ लावतांनाही सावधपणा हवा. पुणें शहर १८ अंश ३१ मिनिटें उत्तर अक्षांशावर आहे. ग्राहक तें '१८३१' या अंकांनीं व त्यापुढें दशांश-चिन्ह देऊन सांगतो. यांतील पहिले दोन अंक अंशांचे व पुढचे मिनिटांचे. हें ध्यानांत न घेतां संख्येस १०० नें भागून १८.३१ अंश असें लिहिलें, तर खरें उत्तर १८.५१७ च्या सुमाराचें असल्यामुळें आपण पुण्यास जवळजवळ २३ किलोमीटर दक्षिणेस ढकललें! वेळही तो ग्रीनिचच्या मानानें सांगतो. तींत साडेपांच तास मिळविले म्हणजे आपली वेळ येते. तात्पर्य, अक्षरें बिनचूक आलीं तरी अर्थ बिनचूक लावण्याची जबाबदारी आपलीच राहते.

आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, क्रम सोडूं नये. प्रथम माहितीपुस्तिका, मग परवानगी, मग दोन पिनांचा प्रयोग, आणि शेवटीं खरें यंत्र. बिघाड झाला तर याच क्रमानें मागें जावें, म्हणजे दोष कोणत्या पायरीवर आहे तें आपोआप सांपडेल. आणि पालकांस विनंति अशी कीं, मुलगा अथवा मुलगी घरांतील संगणकापुढें बसून पडद्यावरील काळ्या चौकटींत संख्यांच्या ओळी पाहत असेल, तर तो वेळ वांयां जात आहे असें समजूं नये. ज्या दुकानांत, दवाखान्यांत किंवा शाळेंत एखादें चांगलें यंत्र केवळ त्याच्याशीं बोलणारें कोणी नाहीं म्हणून धूळ खात पडलें आहे, तेथें या ज्ञानाचा उपयोग होणार आहे. यंत्र टाकून देण्यापूर्वीं निदान एकदां त्यास हांक मारून पाहावी, व उत्तरासाठीं क्षणभर थांबावें. पुष्कळदां तें उत्तर देण्यास तयार असतें.